सोळा डोकी, पाव गाडी

शनिवार, १९ सप्टेंबर २००९
द्वारका, नाशिक

ही डायरी जूनमध्ये घेतली, तेव्हा रोज एक पान लिहायचं ठरलं होतं. पहिलं पान आज लिहितोय. मधे काही घडलंच नाही असं नाही, पण लिहायला बसलं की दुसरंच काहीतरी आठवतं. एकदा पेनाची रिफिल आणायला निघालो आणि त्र्यंबकला पोचलो, कारण ओळखीचा जीपवाला दिसला आणि पुढची सीट रिकामी होती. दोन दिवसांनी परतलो. रिफिल राहिलीच.

आज घटस्थापना. निदान आज तरी सुरुवात करू म्हटलं. शिवाय ऑफिसात जे झालंय ते सांगायला जवळ कुणी नाही.

आधी माझं. बारावीला दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसायला गेलोच नाही. मग टेम्पोवर क्लीनर, मग सायबर कॅफे, मग एका लग्नाच्या बँडात वायरी जोडणारा. आता साधनाताईंच्या ऑफिसात. आठ महिने झाले, म्हणजे माझ्या मानाने जन्म गेला. दसरा झाला की निघणार. कोकणात होड्या बांधतात ते एकदा बघायचंय.

ऑफिस म्हणजे द्वारका चौकात टायरच्या दुकानावरची एक खोली. फूल उत्पादकांचा संघ आहे, त्याचं काम इथून चालतं. नाशिक, कल्याण, सुरत इथल्या फूलबाजारातली आमची माणसं पहाटे फोनवर दर सांगतात, ताई ते मशीनमध्ये भरतात आणि मशीन सगळ्या शेतकऱ्यांना मोबाईलवर मेसेज पाठवतं. झेंडू तोडायचा का, आणि गाडी कुठल्या बाजाराला वळवायची, ते त्यावर ठरतं. नाहीतर गावात व्यापारी सांगेल तो दर. गेल्या दसऱ्याला मशीन बंद होतं, कुणीतरी कल्याण तेजीत आहे म्हणालं आणि सगळा तालुका कल्याणला गेला. दुपारी तिथल्या रस्त्यावर झेंडू गाईंनीही खाल्ला नाही.

ताई सायखेड्याच्या. घरी फुलंच. बँकेतली नोकरी सोडून हे सुरू केलं, म्हणून गावात अजून त्यांना ‘मेसेजवाली’ म्हणतात. ते कौतुकाने की चेष्टेने, हे दर आठवड्याला बदलतं.

जुनं मशीन गेल्या आठवड्यात लाईट गेली-आली त्यात जळलं. तसंही ते थकलंच होतं. सभासद वाढले तसा शेवटच्या माणसाला मेसेज मिळेपर्यंत लिलाव उरकलेला असायचा. आता संघाला पुण्याच्या एका बंद पडलेल्या कंपनीचं मशीन मिळालंय. एका डब्यात सोळा डोकी. डोकी म्हणजे कोअर, एकाच वेळी सोळा कामं. जुन्याला दोनच होती. चौघांनी उचलून जिन्याने वर आणलं. चालू केल्यावर विमान उडाल्यासारखा आवाज झाला आणि खालचे टायरवाले वर बघायला आले.

मग मेसेजचा प्रोग्राम चालू केला आणि तो मेला. ‘मेमरी अपुरी.’

मी परत चालू केला. परत मेला. सोळा जीबी मेमरी आहे त्यात. जुन्यात दोन होती आणि तो निमूट चालायचा.

ताई म्हणाल्या, “मोठ्या घरची सून आहे, पहिल्या दिवशी रुसणारच.” हसल्या, पण लगेच मोबाईल काढून एकेकाला हाताने मेसेज टाकायला बसल्या.


सोमवार, २१ सप्टेंबर

प्रोग्राम लिहिणारा रविराज आता बंगळुरूला असतो. आज फोन उचलला. पाठीमागे कपबशांचा आवाज, बहुतेक कँटीनमध्ये होता.

“स्क्रीनवर काय येतं ते वाच,” म्हणाला.

वाचलं. प्रोग्राम सुरू झाला की आधी कामगार उभे करतो. रविराजचा शब्द, कामगार. प्रत्येक डोक्यामागे एक कामगार, तो मेसेज पाठवण्याचं काम करतो. पहिला उभा राहिला, दुसरा राहिला, तिसरा राहिला, चौथ्याला ‘मेमरी अपुरी’ आणि सगळं कोसळलं.

“प्रत्येक कामगार सुरुवातीलाच आपली मेमरी धरून ठेवतो,” रविराज म्हणाला. “पाव हिस्सा. नंतर ऐन घाईत मागत बसायला नको म्हणून मीच तसं ठेवलंय. लय विचार करून केलंय ते.”

“मग चौथा का मरतो?”

“मेमरी कमी असेल. वाढवा.”

“सोळा आहे.”

“मोठ्या मशीनला मोठी लागते, भारत. हत्तीला बकरीचा चारा घालून चालेल का?”

हे पटलं. हत्तीचं उदाहरण दिलं की मला लगेच पटतं.

ताईंनी पुण्याला फोन लावला. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मशीनमधली मेमरी मिळतेय. कुणीतरी येणारा आहे, त्याच्या हाती पाठवतील.

मी दरम्यान माझ्या जुन्या सायबर कॅफेतून मेमरीच्या दोन पट्ट्या मागून आणल्या. खाचच जुळत नाही. परत करायला गेलो तर तिथे एकाचा प्रिंटर अडकला होता. तो उघडला. आत वाळलेली पाल निघाली. त्यात संध्याकाळ गेली. पण प्रिंटर चालला.


बुधवार, २३ सप्टेंबर

मेमरी आली. बत्तीस जीबी केली. मशीनने नीट मोजली, स्क्रीनवर बत्तीस दाखवते. मी ताईंना म्हटलं, बघा आता.

पहिला, दुसरा, तिसरा. चौथा मेला.

परत तेच. अगदी तिथेच. एक फरक मात्र दिसला. परवा एकेक कामगार चार जीबी धरत होता, आज आठ धरतोय. म्हटलं, मोठं मशीन आहे, कामगारही खाते झाले असतील. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “खाऊ घातलं तर वाढतंच सगळं. आमचा बोका बघ.”

मग मला वाटलं, चौथं डोकंच बिघडलेलं असेल. पुण्याच्या कंपनीने बिघडलं म्हणूनच काढलं असेल. दुपारभर मशीन उघडून बसलो. पंखे पुसले, सगळ्या पट्ट्या काढून परत बसवल्या. चौथा मेलाच.

डोकं शांत करायला कालिकेच्या यात्रेत गेलो. मौत का कुआँ बघितला. एक बाई हात सोडून मोटारसायकल चालवत होती, लाकडी भिंतीवर, आडवी. खाली उतरल्यावर तिला विचारलं, भीती नाही वाटत का. म्हणाली, “थांबलं तर पडते. म्हणून थांबत नाही.” मला ते फार आवडलं. परत आलो तर ताई अजून हाताने मेसेज टाकत होत्या. अंगठ्याला पट्टी बांधली होती.

“कुठे होतास?” म्हणाल्या.

“मेमरीचा विचार करत होतो.”

“पाळण्यात बसून?”

त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. खिशातून फुगा बाहेर लोंबत होता, नंतर लक्षात आलं.


गुरुवार, २४ सप्टेंबर

आज कोंडाजीनाना आले. संघाचे अध्यक्ष. पांढरी टोपी, खिशात दोन मोबाईल, दोन्ही बंद. खुर्चीवर बसले नाहीत, मशीनसमोर उभे राहिले.

“हे चालू हाय का बंद?”

“चालू आहे, नाना,” ताई म्हणाल्या. “मेसेज जात नाहीत.”

“म्हणजे बैल उभा हाय, पण औत वढत नाय.”

नाना मग हळू आवाजात बोलले, आणि तेच जास्त लागलं. म्हणाले, गेल्या वर्षी दसऱ्याला हेच झालं, लोक विसरलेले नाहीत. खंडेनवमीच्या पहाटे लोक तोडणी करतात, त्याच पहाटे मेसेज गेला पाहिजे. नाही गेला तर दिवाळीत बैठक घेऊन हे बंद करू, खोली सोडून देऊ. “तुझ्यावर राग नाय, पोरी. पण दोनदा तोंडघशी पडायची ताकद माझ्यात नाय राहिली.”

जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, “हा कोण?”

“भारत. मशीन बघतो.”

“मशीन बघतो म्हणजे बघत बसतो, व्हय?”

नाना गेल्यावर ताईंनी चहा केला. मला दिला. स्वतःचा तसाच ठेवला. म्हणाल्या, “भारत, तू म्हणशील तर साध्या कॉम्प्युटरवर टाकू प्रोग्राम. जातील तेवढे जातील.”

“शेवटच्या माणसाला दुपारी मिळेल.”

“हो ना.”

नवमी रविवारी आहे.


शुक्रवार, २५ सप्टेंबर

आज खूप झालंय, क्रमाने लिहितो.

सकाळी मी मशीनकडे बघितलंच नाही. खरंतर पळालोच. सायखेड्याची एसटी समोर उभी होती, चढलो. ताईंनी आईसाठी पातळ पाठवायला दिलं होतं, ते निमित्त. त्यांच्या आई सखुबाई, मी मावशी म्हणतो. मावशींनी जेवायला वाढलं, मग विचारलं, “साधीचं मशीन चालू झालं का?” नाही म्हटलं. “मग इथं काय करतो?” म्हटलं, पातळ द्यायला आलो. “पातळ काय रडत व्हतं?”

संध्याकाळी वस्तीवर टेम्पो लागला. सहादूभाऊंचा. रात्री भरून पहाटे बाजारात जातो. मी जुना क्लीनर, गाडी दिसली की पाय तिकडे वळतात. गेलो तर भांडण पेटलेलं.

प्रकार असा. इथे जागा धरायची पद्धत आहे. फूल तोडायच्या आधीच प्रत्येक घर आपले रिकामे क्रेट आणून टेम्पोत रचून ठेवतं. जागा धरली म्हणजे धरली, नंतर त्यात झेंडू येवो न येवो. आणि प्रत्येक घराचा हक्क पाव गाडीचा. हा हक्क जुना आहे. मावशींच्या सासऱ्यांच्या वेळी दोन भाऊ होते, दोघांना पाव-पाव गाडी, उरलेल्या अर्ध्यात बाकीचं गाव. वाटण्या होत गेल्या, घरं वाढली, पण ‘आमच्या घराची पाव गाडी’ कुणी सोडली नाही. एरवी फूल थोडं असतं, निभतं. दसऱ्याला सगळेच क्रेट आणतात.

तर तीन घरांचे क्रेट चढलेले, उरल्या जागेत सहादूभाऊंचं अंथरूण, स्टेपनी, ताडपत्री. चौथं घर आलं आणि सहादूभाऊ म्हणाले, “गाडी भरली.”

“भरली कुठं?” चौथ्या घरचा माणूस म्हणाला. “एक फूल तरी हाय का आत?”

“फूल नसंल, जागा तर धरली.”

“मंग आमची पाव?”

“केबिनवर बस घेऊन.”

मागून आणखी घरं येत होती, डोक्यावर क्रेट. कुणीतरी म्हणालं, मोठा टेम्पो आणा. सहादूभाऊ म्हणाले, “गेल्या दसऱ्याला मोठाच आणला व्हता. तवा काय झालं? गाडी मोठी तर पावही मोठी. लगेच दुप्पट क्रेट आणले सगळ्यांनी. तवा बी तीन घरं चढली.”

मी तिथेच उभा राहिलो. मावशी पदर खोचून आल्या आणि म्हणाल्या, “आरं, पाव-पाव धरायला तुम्ही काय दोन भाऊ राहिले का? सोळा घरं झाली. सोळा घरांनी पाव-पाव मागितली तर चार गाड्या लागत्याल. मोजा की जरा.”

मावशींना आपल्या टेम्पोबद्दलच बोलायचं होतं. पण मला ऑफिसातलं मशीन दिसायला लागलं. तिसरा चढतो, चौथा मरतो. गाडी रिकामी, तरी भरलेली. गाडी मोठी केली तर पाव मोठी. सोळा जीबीत चार-चार, बत्तिसात आठ-आठ. रविराजने पाव हिस्सा ठेवला तेव्हा डोकी दोन होती. हत्ती, बकरी, सगळं खोटं. मी आठवडाभर मोठा टेम्पो आणत होतो.

मावशींना म्हटलं, “मावशी, निघतो.”

“जेवून जा.”

“जेवलोय.”

“ते दुपारचं.”

एसटी निघून गेली होती. सहादूभाऊंच्याच गाडीतून आलो, दुसऱ्याच्या धरलेल्या जागेत, रिकाम्या क्रेटवर बसून.


शनिवार, २६ सप्टेंबर

सकाळी ताई यायच्या आत ऑफिस उघडलं. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ती ओळ सापडली, जितकी डोकी तितके कामगार, आणि तिच्याखाली, प्रत्येकाला पाव. सोळा घरं आहेत, म्हणजे प्रत्येकाला सोळावा हिस्सा. बदललं, चालू केलं.

पहिला, दुसरा, तिसरा. चौथा उभा राहिला. मी खुर्चीवरून उठलो. पाचवा. सहावा. ताई दारात येऊन उभ्या होत्या, चप्पल पायातच. बारावा, तेरावा, चौदावा, पंधरावा. सोळावा मेला आणि सगळं कोसळलं.

ताई हळूच म्हणाल्या, “आता?”

मी चिडलो नाही, याचं मलाच नवल वाटलं. टेम्पोच डोळ्यापुढे होता. सोळाच्या सोळा हिस्से क्रेटांना दिले तर सहादूभाऊ अंथरूण, स्टेपनी ठेवणार कुठे? मशीनलाही स्वतःपुरती जागा लागते, ड्रायव्हरची. सगळी गाडी वाटून टाकली तर चालवणार कोण.

प्रत्येकाला विसावा हिस्सा केला. सोळा घरं बसली, चार हिस्से ड्रायव्हरला आणि श्वास घ्यायला.

सोळाही उभे राहिले. स्क्रीनवर ‘तयार’ आलं. मी ताईंकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, दोघं स्क्रीनकडे बघत उभे होतो, देवळात उभे राहतो तसे. मग ताईंनी स्वतःच्या नंबरवर मेसेज टाकला. टेबलावरचा मोबाईल वाजला. त्यांनी तो उचलला, वाचला, पुन्हा वाचला. इंग्रजी अक्षरात मराठी, ‘chachani’. चाचणी.

रविराजला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “पाव हिस्सा मीच ठेवला होता ना रे?”

“हो.”

“माझं डोकं.” मग हसायला लागला. “सतरावं.”

दुपारी नाना आले. ताईंनी सगळं दाखवलं. नानांनी ऐकून घेतलं आणि नवीच अडचण काढली. उद्या खंडेनवमी. हत्यारांची, यंत्रांची पूजा. उद्या मशीन बंद ठेवून पूजायचं असतं, उद्या ते चालवायचं नाही.

“नाना, तुम्हीच म्हणालात नवमीच्या पहाटे मेसेज.”

“म्हणालो. तवा चालेल असं वाटलं नव्हतं.”

ताई म्हणाल्या, “घटासमोरचा दिवा नवमीला विझवता का तुम्ही?”

“अखंड दिवा हाय तो.”

“मग हेही अखंड आहे. चालू असतानाच पूजा करा.”

नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. “बापावर गेलीस,” म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “आणि हा मशीन बघणारा. ह्याचं आडनाव काय?”

आडनाव कशाला पाहिजे होतं कळलं नाही. सांगितलं. त्यांनी दोनदा पुटपुटून पाठ केलं.


रविवार, २७ सप्टेंबर
खंडेनवमी

गेले.

सगळे गेले. पहाटे तिन्ही बाजारांतून फोन आले, ताईंनी दर भरले, मी बटण दाबलं. सोळा कामगार तुटून पडले. पूर्वी हे काम चालू करून मी खाली चहा प्यायला जायचो, वर येऊन पुन्हा जायचो. आज चहावाल्याकडे वळलोसुद्धा नाही तोवर ताई खिडकीतून ओरडल्या, झालं.

कल्याणला रात्रीच माल तुंबला होता, दर पडलेला. सुरतेला मागणी, नाशिकला बरा. मेसेजमध्ये तिन्ही दर होते. मग फोन सुरू झाले. ओझरहून एक, म्हणाला गाडी कल्याणला निघाली होती, घोटीला अडवून मागे फिरवली. चांदोरीवाले सुरतेला वळले. सायखेड्याहून मावशींचा फोन. “साधे, तुझा मेसेज आला. मोठ्याने वाचून घेतला सगळ्यांसमोर. सोळा घरं गप.”

“गप का?”

“ऐकत व्हती.”

ताई बराच वेळ फोन कानाला लावून उभ्या होत्या. मावशींनी तिकडून कधीच ठेवला होता.

नानांनी येऊन चालू मशीनची पूजा केली. हळद-कुंकू डब्याला, झेंडूची माळ वरून. मी म्हटलं, माळ पंख्यापासून लांब ठेवा. ठेवली, तरी एक पाकळी आत ओढली गेलीच आणि मशीन जरा वेळ खरखरलं. नाना दचकून मागे सरले. म्हणाले, “प्रसाद खाल्ला.”

संध्याकाळपर्यंत व्यापाऱ्यांचेही फोन आले, चिडलेले. एकाने विचारलं, असा मेसेज टाकायची परवानगी कुणी दिली. ताईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं, “दर तुम्हीच ठरवता, शेठ. आम्ही फक्त कळवतो.”

ताईंनी मला ऑफिसची दुसरी किल्ली दिली. म्हटलं, दसऱ्यानंतर मी जाणारे. म्हणाल्या, “जा की. किल्ली कुलपाची आहे, पायातली बेडी नाही.” घेतली. खिशात जड लागते.


सोमवार, २८ सप्टेंबर
दसरा

सकाळचे मेसेज गेले. आज शेवटचा बाजार. दुपारनंतर झेंडूला कुणी विचारत नाही, म्हणून सकाळी ज्याला कळलं त्याचं सोनं. घोटीहून मागे फिरवलेल्या गाडीवाल्याने येऊन पेढे दिले. सहादूभाऊ आपट्याची पानं घेऊन आले आणि म्हणाले, ताईंकडून ऐकून काल आम्हीपण गाडीचे वीस हिस्से केले, एक हिस्सा माझ्या टांगा पसरायला.

ताई घरी गेल्या, सीमोल्लंघनाला. मी एकटा आहे. कोकणचा विचार करतोय. होड्या बघायच्याच आहेत, पण मशीनमध्ये एक गोष्ट आहे. विसावा हिस्साही कामगार पूर्ण वापरत नाहीत, निम्म्यावर भागेल असं दिसतंय. म्हणजे अजून सभासद घेता येतील. तेवढं एकदा बघून

मधेच थांबलो. खाली हॉर्न वाजतायत, टायरवाले कुणावर तरी ओरडतायत. खिडकीतून बघितलं. द्वारकेच्या ऐन चौकात एक पिकअप आडवी उभी आहे, झेंडूने शिगोशीग भरलेली, ट्रॅफिक पोलीस शिट्टी फुंकतोय आणि मागे फुलांच्या ढिगावर सहा-सात बायका बसल्यात.

त्यातली एक जिना चढून वर आली. म्हातारी, नाकात मोठी नथ, हातात मोबाईल, तो जिवंत मासा धरावा तसा धरलेला. भागीबाई नाव सांगितलं. पेठ तालुक्यातल्या वरच्या पाड्यावरून आल्या आहेत. आमच्या यादीत पेठ नाहीच. त्यांच्या जावयाला ओझरच्या कुणीतरी मेसेज पुढे पाठवला, त्याने वाचून दाखवला. मेसेजच्या शेवटी संघाचं नाव आणि ‘द्वारका, नाशिक’ लिहिलेलं असतं. त्यांना वाटलं, फुलं इथेच घेतात.

“मेसेजवाले तुम्हीच ना?” म्हणाल्या. “मग गाडी कुठं खाली करायची, सांग.”

दुपार व्हायला थोडाच वेळ आहे. फूलबाजाराचा रस्ता मला माहीत आहे, मागचा, गल्लीतला. पुढच्या सीटवर बसून दाखवतो. ऑफिसला कुलूप लावून निघालो.